सीडी कपाटात आहे म्हणजे गेम आपला आहे का? जुने पीसी गेम जपण्याचा धागा

चाळीतला_पेंटियम (धागाकर्ता)

मंडळी, जुन्या गेमांच्या जपणुकीवर इथे सुटे प्रतिसाद ढीगभर पडलेत, पण एका जागी काही सापडत नाही. म्हणून हा धागा. आवाका मुद्दाम लहान ठेवतोय: साधारण १९९० ते २००५ मधले डॉस आणि विंडोजवरचे गेम. कन्सोल आणि कार्ट्रिजसाठी कोणीतरी वेगळा धागा काढा, इथे खिचडी नको.

आपली प्रत कशाला म्हणायचं? कसोटी एकच. कोरं विंडोज, नेटची वायर काढलेली, कुठल्याही खात्यात लॉगिन नाही. एवढ्यावर गेम बसला आणि चालला तर तो आपला. बाकी सगळा भाडेपट्टा. आता हे वाक्य लोक स्टीमकडे (गेमच्या ऑनलाइन दुकानाकडे) बघून म्हणतात, पण कपाटातली सीडीसुद्धा या कसोटीत बऱ्याचदा नापास होते, हे कोणी बोलत नाही.

२००० च्या आसपासच्या कितीतरी सीड्यांवर सेफडिस्क नावाचं, कॉपी रोखणारं कुलूप होतं. ते उघडायला सेकड्रव्ह.सिस हा ड्रायव्हर लागतो. विंडोज १० मध्ये तो चालतच नाही. विस्टा, ७ आणि ८ वर सप्टेंबर २०१५ च्या सुरक्षा अपडेटने तो बंद केला, कारण त्यातल्या भोकातून साधा वापरकर्ताही सिस्टीमचे सगळे अधिकार मिळवू शकत होता. परिणाम असा की सीडीवर एक ओरखडा नाही, ड्राइव्ह ठणठणीत आहे, आणि आयकॉनवर डबल क्लिक केल्यावर काहीच होत नाही. एररसुद्धा नाही.

सीडीवर कुठलं कुलूप आहे ते फाइलींच्या नावांवरून पुष्कळदा कळतं. ०००००००१ या छापाच्या आकड्याची टीएमपी फाइल, सीएलसीडी१६.डीएलएल, सीएलसीडी३२.डीएलएल, क्लोकस्पीएल.ईएक्सई यांपैकी काही दिसलं तर जुनं सेफडिस्क. सीएमएस१६.डीएलएल, सीएमएस_९५.डीएलएल, सीएमएस_एनटी.डीएलएल दिसलं तर जुनं सेक्युरॉम, हे दुसरं तसलंच कुलूप. (नावं देवनागरीत लिहितोय, शोधताना अर्थातच रोमन.)

दुसरा रस्ता म्हणजे डीआरएम (असली कुलपं) नसलेली प्रत विकत घेणं. त्यात सगळ्यात मोठं दुकान पोलंडचं जीओजी. २००८ साली 'गुड ओल्ड गेम्स' म्हणून सुरू झालं, मूळ सीडी प्रोजेक्टचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी १०० गेम निवडून जपणुकीचा वेगळा कार्यक्रम सुरू केला: हे गेम पुढच्या विंडोजवरही चालते ठेवू, अशी हमी. चांगलं आहे. पण हमी दुकानाची, फाइल आपली. खरेदी करून गेम लायब्ररीत नुसता ठेवला तर स्टीममध्ये आणि यात फरक काय राहिला?

तर घेतल्या घेतल्या हे करा. जीओजीच्या गॅलेक्सी ॲपमधून 'इन्स्टॉल' करणं म्हणजे बॅकअप नव्हे. गेमच्या पानावर 'ऑफलाइन बॅकअप इन्स्टॉलर' शोधा. एक सेटअप.ईएक्सई मिळेल, मोठा गेम असेल तर सोबत -१.बिन, -२.बिन असे तुकडे. सगळे एकाच फोल्डरमध्ये, नावं जशीच्या तशी. नाव बदललंत की इन्स्टॉलर मध्येच थांबून पुढची डिस्क मागत बसतो. फाइलच्या नावात आवृत्ती आणि कंसात बिल्ड नंबर असतो, तोही खोडू नका. पुढे दोन प्रतींतली नवी कुठली हे त्यावरूनच कळणार. मॅन्युअल, नकाशे, संगीत हे 'एक्स्ट्रा'मध्ये वेगळं असतं, ते लोक हमखास विसरतात.

सीडी उतरवण्याबद्दल, म्हणजे तिची जशीच्या तशी प्रत (इमेज) फाइलमध्ये घेण्याबद्दल, जाणकारांनी लिहावं. त्यात माझ्यापेक्षा खोलातली मंडळी इथे आहेत.

---

रिकामटेकडा

वाखू (वाचनखूण) साठवली. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

बिनक्यूवाली

सीडी उतरवण्याबद्दल लिहिते. सर्वांत मोठी चूक आधी: सगळ्याची आयएसओ (नुसत्या डेटाची इमेज) काढणे.

सीडीच्या एका सेक्टरमध्ये २,३५२ बाइट असतात. आयएसओ त्यातले फक्त डेटाचे २,०४८ घेते. शुद्ध डेटा सीडी असेल तर काही बिघडत नाही. पण १९९४ ते २००० मधल्या पुष्कळ गेमांचं संगीत त्याच सीडीवर ऑडिओ ट्रॅक म्हणून असतं: ट्रॅक १ डेटा, ट्रॅक २ पासून पुढे गाणी. आयएसओमध्ये ऑडिओ ट्रॅक बसतच नाहीत. गेम चालतो, संगीत गायब. मग लोक साउंड कार्डाच्या नावाने बोटं मोडतात.

म्हणून ट्रॅक एकाहून जास्त असतील तर बिन (पूर्ण सेक्टरांची फाइल) आणि क्यू (ट्रॅकची यादी असलेली छोटी टेक्स्ट फाइल). सीडी साध्या म्युझिक प्लेअरमध्ये टाका, ट्रॅकची यादी लगेच दिसते.

साधन: रीडम्पर किंवा डिस्कइमेजक्रिएटर. दोन्ही कमांड लाइनचे; खिडकी हवी असेल तर एमपीएफ हे त्यांच्यावरचं आवरण वापरा. ड्राइव्ह कुठलाही चालतो असं नाही. ऑडिओ वाचताना प्रत्येक मॉडेल ठरावीक नमुने पुढे-मागे सरकतं, त्याला ऑफसेट म्हणतात. जुन्या प्लेक्स्टरचा बहुतेक +३०, बऱ्याच लाइटऑन आणि असूसचा +६. हा ऑफसेट दुरुस्त केला नाही तर कानाला काहीही फरक कळणार नाही, पण तुमची इमेज दुसऱ्या कोणाच्या इमेजशी बाइट-बाइट जुळणार नाही. आणि जुळणं हाच तर पुरावा: रीडम्प.ऑर्ग या सीड्यांच्या नोंदवहीत त्याच सीडीचा हॅश (फाइलवरून काढलेला ठसा) नोंदवलेला असेल आणि तुमचाही तोच आला, तर प्रत निर्दोष. वाद संपला.

तिथे नोंद नसेल तर दोन वेगळ्या ड्राइव्हवर एकेकदा वाचा आणि हॅश ताडून बघा. एकाच ड्राइव्हवर दोनदा वाचून जुळलं याला फार किंमत नाही, तोच ड्राइव्ह तीच चूक दोनदा करू शकतो.

कॅल्क्युलेटरवर होणारी एक झटपट तपासणी: बिनच्या आकाराला २,३५२ ने आणि आयएसओच्या आकाराला २,०४८ ने निःशेष भाग जायला हवा. बाकी उरली तर फाइल अर्धवट आहे. सेकंदाला ७५ सेक्टर, म्हणजे ७४ मिनिटांच्या भरलेल्या सीडीवर ३,३३,००० सेक्टर आणि बिन ७८,३२,१६,००० बाइट. ८० मिनिटांवर ३,६०,००० सेक्टर.

रच्याकने (बाय द वे), भारतात छापलेल्या स्वस्त आवृत्त्या असतील तर त्या आधी उतरवा. परदेशी छपाईच्या नोंदी भरपूर आहेत, आपल्याकडच्या कमी. डेटाच्या बाजूला मधल्या गोल भोकाभोवती बारीक अक्षरांत कोरलेला रिंग कोड असतो, तो लिहून घ्या. दिव्याखाली तिरपी धरली की वाचता येतो.

---

निशाचर७

सेफडिस्कवाली सीडी वाचताना हजारो रीड एरर येतात. सीडी खराब समजायची का?

---

बिनक्यूवाली

नाही! तेच तर कुलूप आहे. सेफडिस्कमध्ये सुरुवातीच्या पट्ट्यात, साधारण ८०० ते १०,००० सेक्टरच्या दरम्यान, मुद्दाम बिघडवलेले सेक्टर पेरलेले असतात. गेम ते वाचायचा प्रयत्न करतो आणि एरर आली तरच सीडी अस्सल मानतो. घरी कॉपी केलेल्या सीडीवर बर्नर ते सेक्टर नीटनेटके करून टाकायचा आणि तिथेच चोरी पकडली जायची. तेव्हा एरर फक्त या पट्ट्यात असतील तर सीडी धडधाकट आहे. पट्ट्याच्या बाहेर, विशेषतः शेवटाकडे असतील तर ओरखडा, किंवा बाहेरच्या कडेने थर उतरायला लागलाय.

वाचताना 'एरर आली की थांब' हा पर्याय बंद ठेवा. आणि 'दुरुस्त करून दे' म्हणणारी साधनं या कामाला वापरू नका, ती कुलूपच पुसतात.

सेक्युरॉमच्या नंतरच्या आवृत्त्या आणखी चावट. त्या सेक्टरचं सीडीवरचं प्रत्यक्ष अंतर मोजतात. ते बिन-क्यूमध्ये उतरत नाही. एमडीएफ-एमडीएस या दुसऱ्या प्रकारच्या इमेज-जोडीत उतरतं, वाचतानाच मोजणी चालू ठेवली असेल तर.

---

जालीम_लोशन

एवढा खटाटोप कशाला? क्रॅक (कुलूप तोडलेली ईएक्सई) टाका, मोकळे व्हा. सीडी विकत घेतलेली आहे ना?

---

कलम_बहाद्दर

संपादक मंडळाचा दंडुका पडायच्या आत कायद्यात काय लिहिलंय ते सांगतो.

भारताचा कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(एए): संगणक प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे ज्याच्या ताब्यात आहे त्याने ती हरवणे, नष्ट होणे किंवा खराब होणे यापासून तात्पुरतं संरक्षण म्हणून बॅकअप प्रत काढली तर तो भंग नाही. म्हणजे सीडीची इमेज काढून ठेवणं कलमात बसतं. इमेज ठेवून सीडी विकली, की 'ताब्यात' हा शब्द गेला आणि बचावही गेला.

कुलूप तोडण्याबद्दल कलम ६५अ, जे २०१२ च्या दुरुस्तीने आलं. त्यात शिक्षा दोन वर्षांपर्यंत आणि दंड. पण त्याची मेख 'हक्कभंग करण्याच्या हेतूने' या शब्दांत आहे, आणि पोटकलम २ मध्ये कायद्याने स्पष्ट मनाई नसलेल्या कारणासाठी सूट आहे. अमेरिकेतलं चित्र याहून कडक आहे. तिकडचं वाचून इकडे घाबरू नका, आणि इकडचं वाचून तिकडच्या भाच्याला सल्ला देऊ नका.

'अबँडनवेअर' (मालकाने वाऱ्यावर सोडलेला गेम) नावाची गोष्ट कुठल्याच कायद्यात नाही. कंपनी बुडाली तरी हक्क कोणाच्या तरी कपाटात असतात.

---

चाळीतला_पेंटियम

धन्यवाद. क्रॅकच्या लिंका या धाग्यावर नकोत. कायदा सोडा, त्या ईएक्सईत आणखी काय बांधलेलं आहे हे वीस वर्षांनी कोण सांगणार?

शिवाय बऱ्याचदा गरजच नसते. शेवटच्या अधिकृत पॅचमध्ये कंपनीनेच सीडीची अट काढलेली असते. नमुना म्हणून स्टारक्राफ्ट. २००८ चा १.१५.२ पॅच टाकला, की मूळ सीडीवरची इन्स्टॉल.ईएक्सई ही फाइल गेमच्या फोल्डरमध्ये स्टारक्राफ्ट.एमपीक्यू या नावाने ठेवायची, ब्रूड वॉरच्या सीडीवरची ब्रूडवॉर.एमपीक्यू नावाने. झालं, सीडी कपाटात. (सीडीवरची ती 'इन्स्टॉल' फाइल म्हणजे इन्स्टॉलरच्या शेपटीला बांधलेला गेमचा सगळा डेटा आहे, म्हणून ही युक्ती चालते.) २०१७ मध्ये तर हा जुना स्टारक्राफ्ट फुकटच करून टाकला.

तेव्हा गेमसोबत शेवटचा पॅच जपा. कंपन्यांची पॅचची पानं कधीच बंद झालीत. जुन्या संगणक मासिकांसोबत यायच्या त्या सीड्या रद्दीत देऊ नका, पॅच आणि डेमो त्यांवरच आहेत.

---

फ्लॉपीवाला

फ्लॉपीबद्दल थोडं. ३.५ इंची १.४४ वाली: ८० ट्रॅक × २ बाजू × १८ सेक्टर × ५१२ = १४,७४,५६० बाइट. इमेज एवढीच भरली पाहिजे, एक बाइट कमी नाही की जास्त नाही.

यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हवर फक्त सरळ, नेहमीच्या फॉरमॅटच्या फ्लॉप्या निघतात. कॉपी-संरक्षण असलेल्या निघत नाहीत, कारण तो ड्राइव्ह सेक्टरच्या खाली काय आहे ते संगणकाला दाखवतच नाही. त्यासाठी ग्रीसवीझल बोर्ड आणि जुना ३४ पिनचा ड्राइव्ह. हे चुंबकीय बदल जसेच्या तसे उतरवतं, अर्थ नंतर लावता येतो.

आणि बुरशी! कोकण, मुंबई, गोवा इथल्या फ्लॉप्यांवर ती असतेच. धातूचं झाकण सरकवून चकती बोटाने फिरवत उजेडात बघा. पांढुरके किंवा तपकिरी डाग दिसले तर ड्राइव्हमध्ये मुळीच घालू नका. हेडला बुरशी चिकटते, ती चकतीवरचा थर खरवडते, आणि नंतर टाकलेली प्रत्येक फ्लॉपी त्याच हेडखाली जाते. एक डागाळलेली फ्लॉपी आख्खा डबा घेऊन बुडते. आधी आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि न झडणारा कापडी बोळा, पूर्ण वाळवून मगच ड्राइव्ह. दर दोन-तीन फ्लॉप्यांनंतर हेडही पुसायचं.

---

मनकवडी

+१. सीडीला पुरवणी: पुसायची ती मधून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल पुसलं की पडणारा ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो, आणि सलग लांब ओरखडा चूक-दुरुस्तीला झेपत नाही. आडवा झेपतो.

आणि लोक चकचकीत बाजू जपतात, छापील बाजू टेबलावर घासतात. उलटं हवं. चकचकीत बाजूला १.२ मिमी जाड प्लास्टिक आहे, तिथला ओरखडा घासून काढता येतो. छापील बाजूला मात्र परावर्तक थर लाखेच्या पातळ लेपाखाली लगेचच असतो. तिथे खरवडलं की डेटाच गेला, कुठलंही पॉलिश तो परत आणणार नाही. उजेडासमोर धरा, टाचणीएवढी भोकं दिसली तर आजच उतरवा. चिकटवलेली लेबलं ओढून काढू नका, थर सोबत येतो.

---

गोडाऊन_कीपर

उतरवलेलं ठेवायचं कसं, यावर.

हॅश पहिल्या दिवशी. पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश ही आज्ञा आपोआप शा-२५६ काढते. निकाल साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, त्याच फोल्डरात. हॅश नसेल तर दहा वर्षांनी फाइल उघडली नाही की ती पहिल्यापासून खराब होती की नंतर सडली, हे कळायला मार्ग नाही.

जीओजीच्या बाबतीत एक खोच आहे. सेटअप.ईएक्सईवर डिजिटल सही असते, म्हणून लोक निर्धास्त राहतात. ती सही त्या छोट्या ईएक्सईची. गेमचा माल बिन तुकड्यांत आहे. तो तपासायला इन्नोएक्स्ट्रॅक्ट वापरा: जीओजीचे इन्स्टॉलर इन्नो सेटअपचे असतात, आणि याच्या 'टेस्ट' पर्यायाने गेम न बसवता आतल्या प्रत्येक फाइलचा चेकसम तपासला जातो. लिनक्सवाल्यांना गेम बाहेर काढायलाही हाच उपयोगी. इन्स्टॉलर नव्या इन्नो सेटअपने बनवला असेल तर जुना इन्नोएक्स्ट्रॅक्ट तो उघडत नाही, ती एरर बघून फाइल फेकू नका. लायब्ररी मोठी असेल तर लिनक्सवर एलजीओजीडाउनलोडर. तो उतरवता उतरवता दुकानाच्या चेकसमशीही ताडतो.

एफएटी३२ च्या पेनड्राइव्हवर ४ जीबीची एकच फाइल बसत नाही. जीओजीचे तुकडे त्याच्या आत राहतात, पण तुम्ही त्यांची एक झिप केलीत की अडकलात. एक्सफॅट किंवा एनटीएफएस घ्या.

प्रती तीन. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक घराबाहेर. एसएसडी कपाटात वर्षानुवर्षे बंद ठेवायची वस्तू नाही, वीज नसताना तिच्यातला चार्ज हळूहळू झिरपतो. हार्ड डिस्क बरी, पण वर्षातून एकदा लावून हॅश पुन्हा तपासायचे. पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या साफसफाईला हे लक्षात राहतं. सोबत मल्टीपारने १० टक्के पार२ फाइली करून ठेवा: दहा टक्क्यांच्या आतबाहेर नुकसान झालं तर मूळ फाइल परत बांधता येते.

---

रिकामटेकडा

दहा टक्क्यांच्या आतबाहेर म्हणजे आत की बाहेर? 😀

---

गोडाऊन_कीपर

आत, आत. शब्द चुकला. बाहेर गेलं की पार२ हात वर करतं.

---

जालीम_लोशन

बरं, पण जीओजी स्वतः गेम काढून टाकतं त्याचं काय? वॉरक्राफ्ट १ आणि २ गेलेच की.

---

चाळीतला_पेंटियम

ते १३ डिसेंबर २०२४ पासून विक्रीतून गेले. ज्यांनी आधी घेतले त्यांच्या लायब्ररीत ते आहेत, इन्स्टॉलरही मिळतात. याआधी ड्यूक न्यूकेम ३डी २०१५ च्या अखेरीला गेला, पहिले फॉलआउट गेले आणि २०१५ मध्ये परतले. म्हणजे दुकानात गेम असणं हा हक्कमालकांमधल्या कराराचा मामला आहे. हवा असलेला गेम दिसला तर घ्या आणि त्याच दिवशी उतरवा.

याहून वाईट प्रकार म्हणजे गेम राहतो, आतला माल बदलतो. गाण्यांचे परवाने संपले म्हणून स्टीमवरच्या सॅन अँड्रियासमधली काही गाणी २०१४ च्या अपडेटने उडाली, जीटीए ४ मधली २०१८ ला. विकत घेतलेल्यालाही तेच अपडेट. म्हणूनच नवा इन्स्टॉलर आला म्हणून जुना पुसू नका. जागा स्वस्त आहे.

स्टीमला सरसकट शिव्या द्यायचंही कारण नाही. तिथे कितीतरी गेम असे आहेत की फोल्डर उचलून दुसऱ्या मशीनवर टाकलं, स्टीम बंद ठेवलं, तरी चालतात. पण ते दुकानाच्या पानावर लिहिलेलं नसतं, आपणच तपासायचं. ऑक्टोबर २०२४ पासून पैसे भरताना 'तुम्हाला परवाना मिळतो आहे' असं स्टीम स्पष्ट सांगतं. कॅलिफोर्नियाचा एबी २४२६ हा कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, त्याची ती पूर्वतयारी. कायमची उतरवून ऑफलाइन ठेवता येणारी प्रत विकणाऱ्याला त्यातून सूट आहे, हे बघण्यासारखं.

---

वॅड_वॅड_मुंबईकर

डेटा आणि इंजिन यांत फरक करा, अर्धी डोकेदुखी संपते. डूमचं उदाहरण घ्या. गेम डिसेंबर १९९३ चा, सोर्स कोड डिसेंबर १९९७ मध्ये खुला झाला. त्यामुळे ईएक्सई जपायची गरजच नाही, चॉकलेट डूम किंवा जीझेडडूम ही इंजिनं आजच्या मशीनवर चालतात. जपायची ती वॅड फाइल, म्हणजे गेमचा डेटा. १.९ आवृत्तीचे आकार पाठ करून ठेवा:

शेअरवेअर डूम१.वॅड: ४१,९६,०२० बाइट
अल्टिमेट डूमची डूम.वॅड: १,२४,०८,२९२
डूम२.वॅड: १,४६,०४,५८४

राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आकडा जुळला का बघा. जुळला नाही तर फाइल खराबच असेल असं नाही. २०२४ च्या नव्या एकत्रित आवृत्तीतल्या वॅड वेगळ्या आहेत, आणि चॉकलेट डूमसारख्या कर्मठ इंजिनाला जुन्याच लागतात.

हेच पॉइंट-अँड-क्लिक गेमांसाठी स्कमव्हीएम करतं. मंकी आयलंडच्या फोल्डरमधल्या मंकी.००० आणि मंकी.००१ एवढ्या दोन फाइली द्या, बाकी ते बघून घेतं. सीडीवरच्या आवृत्तीचं संगीत मात्र ऑडिओ ट्रॅकमध्ये आहे (वर बिनक्यूवाली म्हणाल्या तेच). ते ट्रॅक काढून ट्रॅक१, ट्रॅक२ अशा नावांनी त्याच फोल्डरमध्ये ठेवावे लागतात. ज्यांना फुकटात आणि कायदेशीर सुरुवात करायचीय त्यांनी 'बिनीथ अ स्टील स्काय' घ्या. मालक कंपनीनेच २००३ मध्ये तो स्कमव्हीएमसाठी मोकळा केला.

---

निशाचर७

आणि प्रिन्स ऑफ पर्शिया? आपल्याकडे शाळेच्या लॅबमध्ये 'डेंजरस डेव्ह'च्या खालोखाल तोच.

---

वॅड_वॅड_मुंबईकर

प्रिन्स १९८९ चा, जॉर्डन मेकनर यांचा, मूळ ॲपल २ साठी. त्याचा मूळ सोर्स हरवल्यात जमा होता. २०१२ मध्ये ३.५ इंची फ्लॉप्यांचा डबा सापडला, जाणकारांनी त्या वाचल्या आणि कोड गिटहबवर आला. लेखकाकडेच प्रत नाही, ही या धंद्यात फार साधी गोष्ट आहे. आइसविंड डेल २ ची सुधारित आवृत्ती निघू शकली नाही ती सोर्स कोड सापडत नाही म्हणून.

डॉस आवृत्तीसाठी एसडीएलपीओपी (तीच आवृत्ती आजच्या मशीनवर चालवणारं इंजिन) बघा. आणि मॅन्युअल जपा. पहिली पातळी संपली की अक्षरांच्या बाटल्यांची खोली येते, मॅन्युअलचं अमुक पान, अमुक ओळ, अमुक शब्द यावरून कुठली बाटली प्यायची ते ठरतं. चुकीची प्यायलात की राजपुत्राचा जीव घटतो. मॅन्युअल स्कॅन करताना निदान ३०० डीपीआय, आणि मधल्या पिना काढून पानं सपाट करा. घडीत गेलेला शब्द हाच नेमका विचारला जातो.

---

कोकणी_कोडर

विंडोज ९५-९८ च्या सीड्यांचा एक हटकून येणारा अडथळा. गेम ३२ बिटचा, पण त्याचा इन्स्टॉलर १६ बिटचा. ६४ बिट विंडोज १६ बिट काहीच चालवत नाही, 'हे ॲप या पीसीवर चालणार नाही' म्हणतं, आणि लोकांना वाटतं गेमच चालत नाही. ओटीव्हीडीएम टाका, तो १६ बिटचा इन्स्टॉलर चालवतो. किंवा सीडीवर डेटा१.कॅब असेल तर अनशील्डने सरळ उपसा, पुष्कळ गेमांना तेवढं पुरतं. काही गेम रजिस्ट्रीत मार्ग शोधतात, तिथे ती नोंद हाताने घालावी लागते.

पुढे चित्राचे घोळ. रंग विचित्र, खिडकी काळी, गेम ढिम्म: डायरेक्टड्रॉचे २डी गेम असतील तर सीएनसी-डीड्रॉ, ३डी किंवा ग्लाइडचे (जुन्या ३डी कार्डांसाठीचे) असतील तर डीजीव्हूडू२. दोन्हींच्या डीएलएल गेमच्या फोल्डरमध्ये ठेवायच्या, विंडोजच्या फोल्डरमध्ये कधीच नाही. लॅनवर खेळणाऱ्यांना आयपीएक्सरॅपर, कारण आयपीएक्स (जुन्या गेमांची लॅनवर बोलण्याची पद्धत) विस्टापासून गेलं. यातलं काहीच जमलं नाही तर ८६बॉक्समध्ये (जुन्या पीसीची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरमध्ये) आख्खं विंडोज ९८ उभं करा.

आता खास मराठी भानगड. विंडोजच्या खात्याचं नाव देवनागरीत असेल तर कितीतरी जुने गेम सुरूच होत नाहीत, किंवा सेव्ह होत नाहीत. हे गेम युनिकोडच्या आधीच्या पद्धतीने फाइलचा मार्ग वाचतात. जपानी, रशियन यांना त्या पद्धतीत स्वतःचं कोडपेज (अक्षरांचा तक्ता) होतं. मराठी-हिंदीला विंडोजने ते कधी दिलंच नाही. त्यामुळे 'सी:\यूजर्स\तुमचं नाव' हे गेमला नुसती प्रश्नचिन्हं दिसतं. सेटिंगमधून नाव बदलून भागत नाही, फोल्डरचं नाव जुनंच राहतं. रोमन नावाचं नवीन लोकल खातं उघडा, आणि गेम सी ड्राइव्हवर थेट 'गेम्स' अशा रोमन, बिनस्पेसच्या फोल्डरमध्ये बसवा. प्रोग्रॅम फाइल्समध्ये बसवलात तर विंडोज तुमचे सेव्ह परस्पर व्हर्च्युअलस्टोअरमध्ये नेऊन ठेवतं, आणि फोल्डर कॉपी करून 'बॅकअप' घेणारा सेव्हशिवाय राहतो.

---

मनकवडी

ही देवनागरीची गोष्ट कुठेच वाचली नव्हती. धाग्याच्या माथ्यावर हलवा.

---

गोडाऊन_कीपर

नेटविना तपासणी करताना अजून एक सापळा. गेम .नेट ३.५ मागतो, विंडोज ते नेटवरून आणायला जातं, नेट नाही म्हणून अडतं. गेम नापास नाही, ती विंडोजची उणीव. त्याचा माल विंडोजच्या इन्स्टॉल आयएसओमध्ये सोर्सेस\एसएक्सएस या फोल्डरात असतो. तो फोल्डर, जून २०१० चा डायरेक्टएक्स रनटाइम आणि व्हिज्युअल सी++ चे संच एका 'पूरक' फोल्डरमध्ये गेमांसोबत ठेवा.

मल्टीप्लेअरची आशा वेगळी धरा. गेमस्पाय (ऑनलाइन खेळाडूंना जोडणारी सेवा) ३१ मे २०१४ ला बंद झालं आणि डीआरएम नसलेल्या प्रतींचाही ऑनलाइन भाग त्याच्याबरोबर गेला. २०२४ मध्ये 'द क्रू' या गेमचे सर्व्हर बंद झाल्यावर तर डिस्कवाल्यांच्याही हातात काही उरलं नाही. युरोपात त्यावरून 'स्टॉप किलिंग गेम्स'च्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या.

---

निशाचर७

एक शेवटचं. बिन-क्यू काढली, हॅश जुळला, डॉसबॉक्स या डॉस एम्युलेटरमध्ये इमगमाउंट आज्ञेने लावली तर 'फाइल उघडता आली नाही'. काय चुकतंय?

---

बिनक्यूवाली

उतरवल्यानंतर बिनचं नाव बदललंत का?

---

निशाचर७

हो, गेमचं नाव दिलं. क्यूलाही तेच दिलं.

---

बिनक्यूवाली

क्यू नोटपॅडमध्ये उघडा. पहिल्या ओळीत अवतरणचिन्हांत बिनचं जुनं नाव असेल, ते बदला. प्रत्येक ट्रॅकची वेगळी बिन असेल तर तेवढ्या ओळी. नाव रोमनमध्येच आणि लहान ठेवा. माउंट करताना क्यू द्या, बिन नाही; बिन दिलीत तर डेटा दिसेल पण गाणी पुन्हा गायब.

जीओजीच्या डॉस गेममध्येही हीच जोडी असते. गेम.गॉग म्हणजे बिन आणि गेम.इन्स म्हणजे क्यू, फक्त नावं वेगळी. गेम.इन्स नोटपॅडमध्ये उघडून बघा, ओळीची मांडणी कशी हवी ते समोर दिसेल.

---

निशाचर७

ओळ बदलली. गाणं वाजलं.